ऑपरेशननंतरचे पाच दिवस आणि रक्ताचा कागद

(वर्षावास व्याख्यानमालेत विहारात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय कामगार कायद्याचा असेल अशी सर्वांची समजूत होती. तीस वर्षे सूतगिरणीच्या साचाखात्यात काढलेला माणूस दुसरं काय बोलणार! पण आम्ही म्हटलं, कायद्यावर पुढच्या रविवारी बोलू, आज रक्ताच्या एका तपासणीवर बोलू द्या. पोटाचे मोठे ऑपरेशन झाल्यावर आत काही बिघडत असेल तर त्याची चाहूल ही तपासणी देते. समितीतल्या एका ज्येष्ठांनी लगेच विचारलं, "तुम्ही डॉक्टर कधी झालात?" झालो नाही, होणारही नाही. ऑपरेशन डॉक्टर करतात, औषध डॉक्टर देतात. पण रात्री दोन वाजता खाटेशेजारी स्टुलावर बसून रोग्याच्या तोंडाकडे बघणारं माणूस तुमच्या-आमच्या घरचं असतं. त्याच्या मांडीवर फाईल असते, फाईलमध्ये कागद असतात, आणि त्या कागदांवर काय लिहिलंय हे त्याला कोणी सांगत नाही. आज आम्हाला त्या स्टुलावरच्या माणसाशी बोलायचं आहे.

आधी ऑपरेशन काय असतं ते बघू. आतड्याला गाठ झाली, भोक पडलं, पीळ बसला, की खराब झालेला तुकडा कापून काढतात आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडतात. कधी दोऱ्याने शिवतात, कधी बारीक पिना मारणाऱ्या यंत्राने. तो सांधा धरला की माणूस वाचला. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी साच्यावर काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तुटलेला धागा आपण बोटाने सांधतो, साचा पुढे चालू राहतो. सांधा कच्चा राहिला तर त्या वेळी कळत नाही. पुढे वाइंडिंगला किंवा मागावर गेल्यावर ताण पडतो, मग तो सुटतो. आतड्याचंही तसंच. टेबलावर सगळं नीट दिसतं, डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ऑपरेशन चांगलं झालं, आणि ते खरंही असतं. सांध्याला रक्त कमी पोचलं, ताण पडला, रोगी आधीच अशक्त असला, तर तो चार-सहा दिवसांनी झिरपायला लागतो. तंबाखू-बिडी ओढणाऱ्याचा सांधा उशिरा धरतो हेही डॉक्टर सांगतात. ते इथल्या काही मंडळींनी कान देऊन ऐकावं.

झिरपलं म्हणजे काय? आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत उतरते. तिथे जंतू वाढतात, ते रक्तात शिरतात, मग मूत्रपिंड, फुप्फुस, एकेक खातं बंद पडत जातं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनात शंभरातले साधारण तीन ते सात सांधे असे झिरपतात. अगदी खाली गुदाशयाजवळ जोड असला तर दहा आणि त्याच्याही वर. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. कुणी ऑपरेशनला भिऊ नये. पण ज्याला होतं त्याच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो. लवकर समजलं तर कधी नळी घालून आणि औषधावर भागतं, कधी पोट पुन्हा उघडावं लागतं पण माणूस हाताशी राहतो. उशिरा समजलं तर दवाखान्याची सगळी ताकद लावूनही कधी कधी हाती काही लागत नाही.

अडचण अशी की बाहेरून दिसणारी लक्षणं आतल्या बिघाडाच्या मागून येतात. ऑपरेशननंतर पोट दुखतंच. थोडा ताप येतो. पोट फुगतं, गॅस होतो, उलटी होते. यातलं साधं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे भल्याभल्या सर्जननाही नुसत्या हाताने पोट दाबून ओळखता येत नाही. इथे रक्त कामाला येतं.

या तपासणीचं नाव सीआरपी. पूर्ण नाव सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना ते सापडलं. न्यूमोनिया झालेल्या माणसांच्या रक्तातलं पाणी त्यांनी घेतलं आणि न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगावरचा 'सी' नावाचा पदार्थ त्यात मिसळला, तर तो साकळून खाली बसला. रोगी बरा झाला की हा गुण रक्तातून निघून जाई. 'सी'ला प्रतिसाद देणारं म्हणून नाव पडलं. पुढे कळलं की फक्त न्यूमोनिया नव्हे, शरीरात कुठेही आग लागली, जखम झाली, मांस कापलं गेलं, की तिथल्या पेशी रक्तातून यकृताकडे निरोप धाडतात आणि यकृत हे प्रथिन भराभरा तयार करू लागतं. म्हणजे कुठल्याही खात्यात धूर निघाला तरी भोंगा एकच वाजणार. आग कुठे लागली हे भोंगा सांगत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

धडधाकट माणसात सीआरपी एका लिटरला पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत असतं. ऑपरेशन झालं की सहा ते बारा तासांत चढायला लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशनात शंभर, दीडशे, कधी त्याहून वर जातं, आणि ते अगदी साहजिक आहे. दुर्बिणीतून केलं तर थोडं कमी चढतं. म्हणून कागदावर छापलेला "नॉर्मल पाचच्या आत" हा आकडा आणि रोग्याचा १४० बघून कुणी वॉर्डात रडारड करू नये. असं आम्ही स्वतः पाहिलंय. बाईने कागद वाचला, शिकलेली होती, आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून बोलावून घेतलं. रोगी आपला गादीवर बसून चहा पीत होता.

मुद्दा चढण्याचा नाही, उतरण्याचा आहे. रक्तातलं सीआरपी साधारण एकोणीस तासांत निम्मं होतं. यकृताने नवीन करणं थांबवलं तर ते आपोआप उतरतं. त्यामुळे सगळं नीट चाललं असेल तर तिसऱ्या दिवसानंतर आकडा खाली यायला हवा. चौथ्या दिवशी कमी, पाचव्या दिवशी आणखी कमी. तो उतरत नसेल, थबकला असेल किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर आत कुठेतरी धूर आहे.

यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. २०१४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या मासिकात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवरचे सात अभ्यास एकत्र करून मांडले गेले. २,४८३ रोगी होते. त्यात सीमारेषा निघाल्या त्या अशा : तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४, पाचव्या दिवशी १४४. या रेषेच्या खाली असलेल्या शंभर रोग्यांत सत्त्याण्णव जणांचा सांधा शाबूत होता. उलट बाजूने बघितलं तर रेषेच्या वर गेलेल्या शंभरांतले एकवीस-तेवीसच झिरपलेले निघाले. बाकीच्यांच्या आकड्याचं कारण जखमेतला पू, छातीतला कफ, लघवीचा संसर्ग असं दुसरंच काही असू शकतं, किंवा नुसतीच ऑपरेशनची आग मोठी असू शकते.

याचा अर्थ नीट घ्या. ही तपासणी "झिरपलंय" हे सांगायला कच्ची आहे आणि "बहुधा झिरपलेलं नाही" हे सांगायला पक्की आहे. आकडा खाली असेल आणि रोगी ताजातवाना असेल तर घरी न्यायला हरकत नाही, हा तिचा खरा उपयोग. आकडा वर असेल तर दोष शोधायचा. छाती बघायची, जखम बघायची, लघवी तपासायची, आणि गरज वाटली तर पोटाचा सीटी स्कॅन काढायचा. स्कॅनही कधी कधी चुकवतो, म्हणून अनुभवी सर्जन स्कॅन, आकडा आणि रोगी, तिन्ही समोर ठेवूनच निर्णय घेतात.

२०२० साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ८३३ रोग्यांचा. त्यात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन दिवसांतल्या फरकाकडे पाहिलं. ऑपरेशननंतरच्या कोणत्याही दोन दिवसांत सीआरपी पन्नासाहून जास्त उडी मारत असेल तर सावध व्हावं. झिरपलेल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी या उडीने पकडले गेले, आणि उडी नसलेल्यांत जवळपास कुणीच झिरपलेलं नव्हतं. आम्हाला हा हिशोब जास्त पटतो. गिरणीत बेअरिंग किती गरम आहे यापेक्षा काल होतं त्याहून जास्त गरम झालं का, हे तेलवाला हात लावून बघतो. प्रत्येक साच्याची ऊब वेगळी, तशी प्रत्येक देहाचीही.

आता एक घडलेली गोष्ट. ज्यांची आहे ते आज सभागृहात बसलेत आणि त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव घेत नाही. आमच्याच खात्यातले एक सहकारी. मोठ्या आतड्याला गाठ निघाली. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सीआरपी १३५ आलं. चौथ्या दिवशी तपासलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी रक्त घेतलं आणि दुपारी बाराला सुट्टी दिली, कारण खाट मोकळी करायची होती. रक्ताचा कागद संध्याकाळी सहाला तयार झाला. तो लॅबच्या खिडकीत पडून राहिला. दवाखान्याने मागवला नाही आणि घरच्यांना तो आणायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या कागदावर आकडा होता २२८.

घरी आल्यावर वहिनींनी दोनदा म्हटलं की ह्यांचा श्वास भरभर चाललाय, अंगाला घाम आहे. फोन केला तर "गॅस असेल, चालवा त्यांना" असं उत्तर आलं. सातव्या दिवशी रात्री पोट लाकडासारखं कडक झालं, लघवी बंद, बोलणं असंबद्ध. आम्ही चार जणांनी चादरीत घालून जिना उतरवला आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. पहाटे पोट पुन्हा उघडलं. सांधा सुटलेला होता. आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावली. अतिदक्षता विभागात अकरा दिवस, एकूण बेचाळीस दिवस. पिशवी बंद करायला आठ महिन्यांनी तिसरं ऑपरेशन. मुलीचं नर्सिंगचं वर्ष बुडालं, गावची जमीन गहाण पडली, आणि साच्यावर उभं राहायची ताकद काही परत आली नाही. २२८ चा कागद आम्ही तिसऱ्या आठवड्यात लॅबमधून आणला. तो तोवर तिथेच, पाकिटात होता.

हा आकडा त्या संध्याकाळी कुणी वाचला असता तर सांधा सुटलाच नसता असं आम्ही म्हणत नाही. सांधा सुटलाच असता. पण दोन दिवस आधी कळलं असतं, आणि ते दोन दिवस केवढ्याचे होते हे त्या घराला विचारा.

त्यानंतर आम्ही हा विषय वाचायला घेतला. त्यांच्याच मुलीने पुस्तकं आणून दिली, अडलं तिथे समजावलं. तेव्हा आणखी काही बारकावे कळले ते सांगतो.

पहिला आणि सगळ्यात गोंधळाचा म्हणजे माप. काही लॅब सीआरपी लिटरमागे सांगतात, काही डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाला. आकड्यात दहा पटींचा फरक पडतो. एका लॅबचं १८ हे दुसऱ्या लॅबचं १८० असतं. दोन दिवस दोन लॅबमधून कागद आणले आणि माप बघितलं नाही, तर १८० वरून १८ झालं, रोगी बरा झाला म्हणून पेढे वाटाल. आकड्याच्या शेजारी छापलेलं माप आधी वाचा. शक्यतो सगळ्या दिवसांची तपासणी एकाच लॅबमध्ये करा. आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजात 'एचएस-सीआरपी' असतं ते हृदयाच्या धोक्यासाठी, अगदी बारीक आकडे मोजणारं. ते कागद आणून इथे जोडू नका.

दुसरं, ईएसआर. आपल्या वस्तीत टीबी फार, त्यामुळे ईएसआर हा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. नळीत रक्त उभं करून तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात ते मोजणं. ती जुनी, स्वस्त आणि उपयोगाची तपासणी आहे, पण चढायला आणि उतरायला दिवस-आठवडे घेते. पाच दिवसांच्या शर्यतीत ती बैलगाडी आहे. पांढऱ्या पेशींची मोजणी रोज होते, करावी, पण सांधा झिरपत असतानाही कधी कधी ती नॉर्मल दिसते, त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर राहता येत नाही. तिसरी प्रोकॅल्सिटोनिन. जंतूंच्या गंभीर संसर्गात ती वाढते हे १९९३ साली फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं. ती सीआरपीपेक्षा लवकर चढते आणि नुसत्या कापाकापीने कमी वाढते, म्हणून काही सर्जन दोन्ही मागवतात. पण ती कित्येक पट महाग आहे. आमचं मत विचाराल तर गरीब घराने आधी सीआरपी वेळेवर आणि ओळीने करून घ्यावं. महागडी डॉक्टरांना खरोखर हवी असेल तेव्हा करावी.

आकडा फसवतो कधी? यकृतच कामातून गेलं असेल तर ते प्रथिन बनवणार कुठून? दारूने यकृत गेलेल्या माणसाचं सीआरपी कमी आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. स्टिरॉइड चालू असलेल्यांचंही दबलेलं असू शकतं. उलट आतडं फुटून पोटात आधीच पू झालेला असताना तातडीने ऑपरेशन केलं, तर आकडा पहिल्यापासूनच वर असतो. तिथे आम्ही सांगितलेल्या रेषा जशाच्या तशा लागू पडत नाहीत, उतार तेवढा बघायचा.

आणि कागद कितीही चांगला असला तरी रोगी वाईट दिसत असेल तर रोग्यावर विश्वास ठेवा. विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला शंभराच्या वर, श्वास विसाच्या वर, लघवी कमी, पोट वाढत चाललेलं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढणारं, माणूस काहीबाही बोलू लागलेला, यातलं काही असलं की नर्सबाईंना उठवायचं. त्या रागावल्या तर रागावू द्या. घड्याळ लावून नाडी मोजायला आमच्या महिला मंडळाच्या भगिनी शिकल्या आहेत, त्यात काही अवघड नाही.

विनयपिटकात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं आणि मग भिक्खूंना बोलावून विचारलं की तुम्ही याच्याकडे का बघितलं नाही. भन्तेजींनी ही हकिकत आपल्याला मागच्या वर्षावासात सांगितलीच आहे.

आता करायचं काय ते सांगतो. पूर्वी मोठ्या ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस ठेवत. डेन्मार्कच्या केलेट नावाच्या सर्जनने १९९० च्या दशकात दाखवून दिलं की रोग्याला लवकर खायला दिलं, लवकर चालवलं तर तो लवकर बरा होतो. आता चौथ्या-पाचव्या दिवशी घरी पाठवतात. पद्धत चांगली आहे, तिला विरोध नको. पण सांध्याचा धोका नेमका त्याच दिवसांत असतो, म्हणून घरी निघताना एकच प्रश्न विचारा, "डॉक्टरसाहेब, सीआरपी तिसऱ्या दिवशी किती होतं, आज किती आहे?" हात जोडून विचारा, आवाज चढवू नका. डॉक्टर आपला शत्रू नाही. त्याच्याकडे एका वॉर्डात साठ रोगी असतात. रक्त घेतलेलं असेल तर कागद हातात आल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. रोज तपासणी करा असा हट्टही धरू नका. तिसरा दिवस आणि घरी जायच्या आधीचा दिवस, एवढ्याने बरंच काम भागतं.

कागद तुमचे आहेत. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत लिहिलंय की रोग्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या. मागणी लेखी करा, पोच घ्या. युनियनमध्ये आम्ही हेच शिकलो, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

एका भगिनीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे की सिझेरियन, गर्भाशयाचं ऑपरेशन, अपेंडिक्स यांना हे लागू आहे का. सीआरपी त्यातही चढतं आणि उतरतं, न उतरल्यास तिथेही संसर्ग शोधतात. पण १७२, १२४, १४४ हे आकडे आतड्याच्या सांध्याचे आहेत, ते तिथे लावू नका. त्याचा आकडा तुमचे डॉक्टरच सांगतील.

आम्ही एका पानाचा तक्ता तयार केला आहे. वर ऑपरेशनची तारीख, खाली पहिला दिवस ते सातवा दिवस, शेजारी नाडी, श्वास, ताप, लघवी, सीआरपी आणि त्याचं माप. शंभर प्रती काढून विहाराच्या ग्रंथालयातल्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात ठेवल्या आहेत. किल्ली ग्रंथपालांकडे असते. रात्री लागला तर आमच्या घराची कडी वाजवा, रात्रपाळी नसली तर आम्ही घरीच असतो.

जय भीम. नमो बुद्धाय.